मी गाडीखाली गेलो नव्हतो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढं हात जोडले तरी तिथंही मी दुसरंच काहीतरी बोलायचो — पिकापाण्याचं, नातवाच्या खोकल्याचं. आता सत्तरी ओलांडली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक तुमच्याशी बोलवतंय.

कुठून सुरुवात करू? गाडीपासून करावी तर गणपत मागं राहतो. आणि गणपतपासून करावी तर मला रडू येतं. येऊ दे. तुमच्यापासून काय लपवायचं!

गणपत माझा मित्र, वयानं थोडा मोठा, आमच्या जानेफळचाच. गावाबाहेर नाल्याकाठी त्याचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मेहकरच्या बाजाराला तो पहाटे बैलगाडी जुंपून निघायचा, आणि पोचेपर्यंत ऊन चढून मेथीनं मान टाकलेली असायची. बाजारातली गिऱ्हाइकं ती मेथी उचलून पाहायची आणि खाली ठेवायची. गणपत म्हणायचा, आपल्या मेथीइतकी ताजी मेथी साऱ्या तालुक्यात नाही, पण ते फक्त आपल्या बैलांनाच माहीत आहे. असा माणूस. स्वतःच्या नुकसानावरही हसायचा.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. गणपतच्या मनात जुनी जीप घ्यायचं आलं. बाजाराच्या दिवशी भाजी न्यायची, एरवी मेहकरच्या सवाऱ्या. नवी गाडी तर आमच्याकडं स्वप्नातही कुणी घेत नव्हतं. पण जुनी घ्यायची तरी घरची बैलजोडी विकावी लागणार होती. देवका वहिनी, म्हणजे त्याची बायको, दोन दिवस जेवली नाही. बैल जाणार म्हणून रडली, आणि त्याहून जास्त घाबरली. शेवटी तिनं त्याच्याकडून शपथ घेतली. माझ्यासमोरच. तिच्या डोक्यावर हात ठेवून गणपत म्हणाला, "तुही आन, मी गाडी कधी पळवणार नाही. बैलावानी हाकीन."

ही शपथ लक्षात ठेवा. म्हणजे — मी तर ती विसरूच शकलो नाही.

आता माझं सांगतो. खामगावला एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर मी आधी क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो. गावात लायसन असलेला मी एकटाच. सुट्टीवर आलो की पारावर बसून गिअरबॉक्स आणि कारब्युरेटर असे शब्द फेकायचो, आणि लोक तोंडाकडं पाहत बसायचे. खरं सांगू? मला मोटारीतलं बरंच कळत होतं. जितकं कळत होतं त्याच्या दुप्पट मी बोलत होतो, एवढंच.

गणपत मात्र शहाणा. त्यानं जीप तशीच शोधली, जसा तो बैल शोधायचा. घाई नाही. खामगावची एक गाडी सोडली, कारण मालक तिची फार तारीफ करत होता. अकोल्याची एक सोडली, कारण आम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं होतं. तो म्हणाला, जनावर सकाळी उठताना पाहायचं, चालवून आणलेलं नाही. मोटारीतलं ओ की ठो कळत नसताना त्यानं हे बोलावं, याचं मला नवल वाटलं होतं. मग चिखलीला एका रस्त्याच्या ठेकेदाराकडं जीप निघाली. ठेकेदार धंदा आवरून मुलाकडं जाणार होता. भला माणूस वाटला. आजही मी त्याला बोल लावत नाही.

आमच्याकडं बैल घेताना एक रीत असते. घेणारा आपल्याबरोबर एक पारखी नेतो. तो दात पाहतो, खूर पाहतो, पोटाखाली हात घालून पाहतो. पारख्यानं एकदा 'हो' म्हटलं की घेणाऱ्यानं पुन्हा वाकून पाहायचं नाही. पाहिलं तर तो पारख्याचा अपमान. त्याच्या शब्दावर दावं हातात घ्यायचं आणि घरची वाट धरायची. गणपतनं जीपसाठी पारखी म्हणून मला नेलं. दुसरं होतंच कोण?

त्या दिवशी दुपारी चिखलीतच मला मुलगी पाहायला जायचं होतं. वडीलधारा म्हणून गणपतच माझ्यासोबत येणार होता. एका दगडात दोन पक्षी, म्हणून आम्ही एकच दिवस धरला. मी खामगावला शिवून घेतलेली पांढरी पँट घातली होती. कडक इस्त्रीची. बसमध्येही मी सीटवर रुमाल टाकून बसलो होतो. गणपत मला चिडवत होता — नवरीच लाजून राहिली बे, असं म्हणत होता.

ठेकेदाराच्या वाड्यापुढं जीप उभी होती. रंग बरा. इंजिन थंड. मी चालू करून पाहिलं, बॉनेट उघडून पाहिलं, पंख्याच्या पट्ट्याला बोट लावलं, रस्त्यावर एक चक्कर मारली. ब्रेक ठीक. सगळं ठीक. राहिलं होतं ते फक्त खालून पाहणं. जीप उंच असते, वाकून बरंच दिसतं. पण स्टेअरिंगचे जोड पाहायचे तर पाठ जमिनीला लावावी लागते. आणि जमिनीवर काळं तेल, त्यात कालवलेला चिखल. ठेकेदारानं आपण होऊन गोणपाट आणून दिलं. म्हणाला, खाली जाऊन नीट पाहून घ्या. मग तो चहा सांगायला आत गेला. गणपत समोरच्या पानवाल्याकडं गेला, गाडी कशी वापरली जाते ते बाहेरून विचारायला. तेही त्याचं बैल घेतानाचंच शहाणपण.

मी एकटा राहिलो. हातात गोणपाट. ते गोणपाटही तेलकट होतं.

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं?

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. खाली अंधार दिसला. मी पँटीकडं पाहिलं. मग उभा राहिलो, गोणपाट घडी करून पायरीवर ठेवलं, आणि हात झटकले. हो — झटकले. हाताला काही लागलेलं नसताना.

गणपत आला. म्हणाला, "पानवाला चांगलं सांगून राह्यला. तू खालून पाह्यली?"

"पाह्यली."

"पुरी?"

"पुरी पाह्यली. टनटनीत आहे."

तो जरा घुटमळला. बैलजोडी विकून आलेला माणूस होता तो. म्हणाला, मीही एकदा डोकावू काय, मले समजत तर काही नाही, पण मनाले बरं वाटीन. आणि मी — हेही सांगतो — मी चिडलो. म्हणालो, "काऊन? माह्यावर भरोसा नाही काय?"

त्यानं लगेच कान धरले. हसला. रीतच ती. पारख्याच्या शब्दावर पुन्हा पाहायचं नाही. त्यानं व्यवहार पक्का केला, आम्ही ठेकेदाराकडं चहा प्यालो, आणि मुलगी पाहायला गेलो. मुलगीवाल्यांपुढं गणपतनं माझी किती तारीफ केली! म्हणाला, पोरगा शब्दाचा पक्का आहे. लग्न जमलं. ती मुलगी म्हणजे माझी बायको. अजूनही कधीतरी नातवांना सांगते की तुमचे आजोबा मला पाहायला आले तेव्हा बगळ्यासारखे पांढरेशुभ्र दिसत होते. पोरं हसतात. मी उठून बाहेर जातो.

गणपत गाडी शिकला, मीच शिकवली. आणि चालवायची म्हणजे इतकी सावकाश, की गावानं त्याचं हसं केलं. त्याच्यापेक्षा माझा खोंड पुढं जाते बे, असं पोरं ओरडायची. तो गाडीतून हात हलवायचा. पण मेथी आता ताजी पोचत होती. देवका वहिनीनं त्या हिवाळ्यात मला जेवायला बोलावलं आणि दोनदा वाढलं. भाऊजी, तुमच्यामुळं झालं, असं म्हणाली. मी ते जेवण जेवलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, बाजाराच्या दिवशी, मेहकर रस्त्यावरच्या पुलाजवळ गाडी रस्ता सोडून नाल्यात गेली. गणपत जागीच गेला. शेजारचा एक जण सोबत बसला होता, त्याचा पाय गेला. मी त्या दिवशी गावातच होतो. निरोप आला तसा धावलो.

जीप उलटी पडली होती. पोट वर. जे पाहायला मला पाठ टेकवावी लागली असती, ते आता उन्हात उघडं पडलं होतं. पुढच्या चाकाजवळचा स्टेअरिंगचा जोड तुटलेला. आणि त्याच्याभोवती तारेचे वेढे. जुनी तार, गंजलेली. कधीतरी कुणीतरी, बहुतेक ठेकेदाराच्या एखाद्या ड्रायव्हरनं, तात्पुरती बांधलेली आणि तशीच विसरलेली. चिखल बोटानं खरवडला असता तरी दिसली असती. लहान पोरालाही कळलं असतं. नवा जोड बसवायला अर्धा दिवसही लागला नसता.

लोक गणपतला वर काढत होते. सगळे तिकडं. मी गाडीजवळ एकटा. मी ती तार पिरगाळून काढली आणि नाल्यातल्या झुडपात फेकली.

हेही मीच केलं. पहिलं एक वेळ आळस म्हणा, नटवेपणा म्हणा. हे काय होतं?

पोलीस आला. गावात मोटारीतला जाणकार मीच, म्हणून त्यानं मलाच विचारलं. मी सांगितलं की गाडी मी स्वतः पाहून घेतली होती, दोष नव्हता, जोड आपटल्यामुळं तुटला. मग कशी गेली नाल्यात? मी म्हणालो, वेग जास्त असेल.

वेग! गणपतचा!

पण गाव किती लवकर विसरतं. ज्यांनी त्याला खोंडावरून चिडवलं होतं, तेच आठ दिवसांत म्हणायला लागले की गाडी आली तशी त्याला मस्ती आली होती. पाय गेलेल्याची आई रोज देवकाच्या दारात येऊन शिव्या द्यायची. तुह्या नवऱ्यानं माह्या पोराचं वाटोळं केलं, असं म्हणायची. देवका उंबऱ्यावर बसून ऐकायची. आणि मी तिच्या घरावरून जायचा रस्ताच बदलला.

तेराव्यानंतर तिनं मला बोलावून घेतलं. एकच विचारलं. "भाऊजी, गाडी तर चांगली होती ना? तुमी खालून पाह्यली होती ना?"

ती उत्तराची वाट पाहत होती. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं हो, मी काही दगड नव्हतो. तिला हवं होतं की मी 'नाही' म्हणावं. गाडीचा दोष होता, असं म्हणावं. म्हणजे तिचा माणूस तिला परत मिळाला असता, मेलेला का होईना, पण शब्द पाळलेला. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "हो वहिनी. पाह्यली होती."

तिनं मान हलवली. म्हणाली, "म्हणजे त्यायनंच आन मोडली."

त्यानंतर तिनं गणपतचं नाव घेतलं नाही. भिंतीवरचा फोटो काढून ठेवला. पितरांच्या पंधरवड्यात सारं गाव आपापल्या माणसांना जेवू घालायचं. ती पान वाढायची, पण डोळ्याला पदर लावायची नाही. मळा एकटीला झेपेना; दुसऱ्याच्या मळ्यात निंदणीला जाऊन तिनं लेक वाढवली, दुसरबीडला दिली. पोरीनं बापाचं काही विचारलं की म्हणायची, त्याले आपल्यापेक्षा घाई प्यारी होती. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि माझं? माझं नाव झालं. पुढं ज्याला ज्याला जुनी गाडी घ्यायची असेल, तो मला न्यायचा. मी पोचल्याबरोबर आधी जमिनीवर आडवा व्हायचो, पावसाळा असो, उन्हाळा असो. लोक कौतुकानं सांगायचे, हा माणूस गाडीखाली गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. कितीतरी लोकांना मी वाईट गाड्यांपासून वाचवलं. त्यानं काही फिटलं, असं मी म्हणत नाही. फिटत नाही.

गेल्या साली देवका वहिनी आजारी पडली. लेकीला निरोप गेला होता, ती यायला निघाली होती. तोवर माझी बायको आणि मी आळीपाळीनं बसत होतो. त्या संध्याकाळी मी होतो. वहिनीनं हळूच माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याची गोष्ट निघाली.

म्हणाली, "भाऊजी, लय वर्षं राग धरला मी. आता नाही. जवानीत होते ते, झाली असन घाई. मी त्यायले माफ केलं."

मी अजूनही बोलू शकलो असतो. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, "बरं केलं, वहिनी."

तिला बरं वाटलं. चेहरा मोकळा झाला. पाणी मागितलं. ज्यानं शपथ कधी मोडलीच नव्हती त्याला माफ करून ती पहाटे गेली, आणि तिला शेवटचं पाणी मी पाजलं.