एका चपलेचं सिस्टीम डिझाइन

बातमीदाराकडे किस्से कसे साठतात, सांगू? संपादक ज्या ओळी कापतो त्या आपण फेकून देत नाही, डोक्यात ठेवतो. तीस वर्षं मी भंडारा जिल्ह्याची बातमीदारी केली. साहेबांशी भांडलो, पुढाऱ्यांशी भांडलो, सगळ्यात जास्त संपादकांशी भांडलो. वाटलं, निवृत्तीनंतर तरी हा साठा वाढायचा थांबेल. पण माझ्या पुतणीनं, तेजूनं, फिनटेक, म्हणजे मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या, कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं ठरवलं आणि आमच्या अड्याळच्या घरात चार महिन्यांत इतका माल जमला की काय कापावं तेच कळेना!

तेजू नागपूरला एका छोट्या पेमेंट अ‍ॅपच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. कंपनी बंद पडली, ती घरी आली. आता तिला तक्रारी ऐकायच्या नव्हत्या, तक्रार येणारच नाही असं अ‍ॅप बनवून घ्यायचं होतं. मध्ये एक नाका होता, 'सिस्टीम डिझाइन'ची मुलाखत. समोरचा म्हणतो, "पैसे पाठवणारं अ‍ॅप उभं करा." मग आपण चौकोन आणि बाण काढून सांगायचं की लाखो लोक एकदम वापरायला लागले तर कुठे काय बिघडेल, आणि बिघडलं की काय करायचं.

दोन कंपन्यांत ती याच फेरीत गळली. तेव्हा दादानं, म्हणजे तिच्या बापानं, माझ्या मोठ्या भावानं, बँकेच्या क्लार्क-परीक्षेचा फॉर्म तिच्या नावानं भरून टाकला.

"आता तिसरी कंपनी. हेबी गेली, त मंग क्लार्कचा अभ्यास," दादा म्हणाला. दादा कमी बोलतो, पण बोलला की बदलत नाही.

* * *

तेजूनं बैठकीची भिंत बोर्ड म्हणून धरली. खडूनं चौकोन काढले, चौकोनांत नावं लिहिली, बाण ओढले. दोन दिवसांची मेहनत! तिसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून वहिनीनं ओलं फडकं घेतलं आणि भिंत लख्ख केली.

तेजू किंचाळली, "आई! अख्खा डेटाबेस पुसला तू!"

"मी कायले पुसू तुहा डेटाबेस? खडूचे डबे पुसले."

"दोन दिवस लागले होते मला!"

वहिनी फडकं पिळत म्हणाली, "येवढं मोलाचं होतं, त दोन जागी काहून नाही काढून ठेवलं?"

तेजूनं कपाळावर हात मारला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काका, मागच्या मुलाखतीत मी नेमक्या याच प्रश्नावर अडकले होते."

* * *

सराव मुलाखत घ्यायला माणूस हवा होता. प्रश्न विचारण्यात आपलं आयुष्य गेलं! मी खुर्ची ओढून बसलो.

"सर्व्हर बंद पडला तर?"

"दुसरा सुरू होईल."

"तो पडला तर?"

"तिसरा, दुसऱ्या शहरात."

"पहिला पडला हे जनतेला किती वाजता सांगितलं? कोणी सांगितलं? दुसरा कोणाच्या शिफारशीनं आला? आणि आजवर जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई का नाही?"

तेजूनं वही मिटली. "काका, मला नोकरी मिळवायची आहे. तुम्ही तर लागायच्या आधीच निलंबित करून राहिले!"

* * *

दादाचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. पण तो गावच्या राइस मिलचा मॅनेजर. धानाच्या हंगामात मिलसमोर ट्रॅक्टरची रांग लागते, आणि ती तो एकटा सांभाळतो. तेजूनं त्याला जेवताना गाठलं.

"बाबा, मशीन एकच, ट्रॅक्टर चाळीस. तुम्ही काय करता?"

"चहा पाजतो."

"चहानं मशीन जोरात चालते?"

"मशीन तेवढीच चालते. पण कप हातात असला की मानूस समजते, आपलं काम चालू हाये. अर्धा घंटा भांडत नाही."

तेजूनं ताट सोडून वही उघडली आणि लिहिलं : 'स्क्रीनवर फिरणारं गोल चक्र म्हणजे बाबांचा चहा.'

* * *

दुसऱ्या कंपनीचा नकार एका ओळीत आला होता. कारण नाही, सही नाही! आमच्याकडे साधा ग्रामसेवकसुद्धा नकाराला कारण जोडतो. मी पेटलो. तेजूला न सांगता त्या मेलच्या पत्त्यावर रीतसर खुलासा मागवला. निर्णय कोणत्या निकषावर? घेणाऱ्याचं नाव, हुद्दा? मी तीस वर्षं पत्रकारितेत आहे, मला गप्प बसवता येणार नाही, असंही शेवटी ठणकावलं.

चार दिवसांनी उत्तर आलं : 'आपला अर्ज मिळाला. आपला तीस वर्षांचा अनुभव पाहून पहिल्या फेरीसाठी आपली निवड करत आहोत.'

तेजूनं ते दोनदा वाचलं आणि मला हात जोडले. दादा तेवढ्यापुरता बोलला, "पगार विचारून घे."

* * *

आता सुखदेव. हा तलावात मासे धरतो आणि आठवडी बाजारात विकतो. बाजार भरतो तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आणि रेंज मिळते पाळीवर! खाली स्कॅन केलं की फोनवर नुसतं चक्र फिरतं. मग गिऱ्हाईक पैसे गेले की नाही ते बघायला पाळ चढतं. तोवर मासा कोणाचा?

एक दिवस मीच अडकलो. तेजू सोबत होती. मासा निवडला, स्कॅन केलं, चक्र. सुखदेवनं मासा वेगळ्या टोपलीत टाकला आणि म्हणाला, "एक चप्पल ठेवा टोपलीपाशी, अन् जा पाळीवर."

"चप्पल?"

"सारेच ठेवतेत. ज्याची चप्पल, त्याचा मासा."

खरंच, टोपलीपाशी तीन चपला होत्या, तिन्ही वेगवेगळ्या.

मला राग आला. "सुखदेव, अख्खा जिल्हा ओळखतो मला. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाये वो पत्रकार साहेब. नेटवर नाही. काढा चप्पल!"

तेजू हसत नव्हती. ती उकिडवी बसली आणि विचारू लागली, "सुखदेवकाका, एखाद्यानं घाबरून दोनदा पैसे टाकले तर?"

"चप्पल एकच हाये नं? मंग मासाबी एकच. वरचे पैसे वापस."

"आणि त्याला खरंच दोन मासे हवे असतील तर?"

"दुसरीबी चप्पल ठेव म्हणतो, अन् जाय अनवानी!"

मी एका पायानं पाळ चढलो. वर माझ्यासारखेच तिघं उभे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

* * *

तिसऱ्या कंपनीची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर होती. मॅडम बंगळुरूच्या. वहिनीनं मिक्सर बंद ठेवला. दादा मिलमध्ये गेला नाही, पण 'गुडघा दुखते' असं सांगून. मी दाराआड होतो, तोंडावर हात ठेवून.

मॅडमनी विचारलं, "ग्राहकानं पैसे पाठवले, नेटवर्क गेलं, तो पुन्हा पुन्हा बटन दाबतोय. पैसे दोनदा जाऊ नयेत आणि दुकानदारही बुडू नये. काय कराल?"

तेजू थांबली. इतकी थांबली की दादाचा गुडघा खरंच दुखायला लागला असावा. मग ती म्हणाली, "मॅडम, समजा एक चप्पल आहे."

"सॉरी?"

तेजूनं सगळं सांगितलं. पाळ, टोपली, चप्पल. मग चौकोन काढले, बाण ओढले, चपलेच्या जागी एक नंबर लिहिला, बटन कितीदाही दाबलं तरी एका खरेदीला एकच. मॅडम बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ठीक. पण ग्राहक चप्पल ठेवून गेला आणि परत आलाच नाही तर?"

हे काही तेजूनं सुखदेवला विचारलेलं नव्हतं. मी दाराआड डोळे मिटले.

"मॅडम, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण ज्याची सिस्टीम आहे त्याला विचारू का?" आणि होकाराची वाट न पाहता तिनं फोन लावला, स्पीकरवर!

पलीकडून सुखदेव ओरडला, "बाजार उठेपर्यंत थांबतो. मंग मासा दुसऱ्याले देतो अन् चप्पल झाडाले टांगतो. पैसे आले असन, त पुढच्या बाजारी दुसरा मासा. मानूस बरोबर येते, बाई! एका पायानं किती दिवस हिंडन?"

लॅपटॉपमधून आवाज येईना. मॅडमनी माइक बंद केला होता. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

सहा दिवसांनी मेल आला. वर कंपनीची छापील भाषा होती, रुजू होताना आणायच्या कागदांची यादी होती. खाली मॅडमनी स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या : 'तुमची जागा बाजूला काढून ठेवली आहे. होकार येईपर्यंत एक चप्पल पाठवा.'

तेजूनं फोन दादाच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून मेल वाचला, वरून खालपर्यंत, पुन्हा वरून खालपर्यंत. क्लार्कच्या फॉर्मची पावती टेबलावरच होती. त्यानं ती घडी करून खिशात घातली, उठला, दारापाशी गेला, आणि तेजूच्या चपलांकडे बघत विचारलं,

"कोन्त्या पायाची?"