साडेबाराचं रीडिंग

वीस. पॉइंट शून्य. रोज सकाळी सर मशीनचं बटण हळूहळू फिरवत आतला किरण, म्हणजे बीम, वीसवर आणायचे आणि मला विचारायचे, "किती, बाय?" मी हिरव्या आकड्यांकडं बघून सांगायचे, "वीस, सर." सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्यात यायला लागला होता, ते बारके आकडे त्यांना पुसट दिसायचे. म्हणून बघायचं काम माझं. माझ्या डोळ्यांवर त्यांनी भरवसा ठेवला आणि त्यातच त्यांची नोकरी गेली. मी घालवली. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय, नवऱ्याला पण न्हाय.

आमची लॅब राहनाळला गोडाऊनच्या लायनीत हाय. एका बाजूला फ्रीज-टीव्ही, दुसऱ्या बाजूला कापडाच्या गाठी, मधे आमचा गाळा. बाहेरून कुणाला वाटणार पण न्हाय की आत असली मशीन असेल. शेठनं ती कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीकडून जुनी घेतलेली. तिचं मोठं नाव सरांना यायचं, आम्ही सगळे प्रोब म्हणायचो. स्टीलच्या भट्टीत ज्या विटा लावतात त्यांचे तुकडे आमच्याकडं यायचे. ते घासून घासून आरशासारखे करायचे, वर कार्बनचा पातळ थर द्यायचा आणि मशीनमध्ये ठेवायचे. वरून इलेक्ट्रॉनचा किरण पडतो, केसाहून बारीक, त्याच्यावरून विटेत काय किती हाय ते कळतं. सगळ्याची बेरीज शंभराच्या जवळ आली की काम बरोबर.

मी नववीपर्यंत शिकलेली. लागले तेव्हा झाडू मारायला लागले होते. मग तुकडे घासायला शिकले. मग एक दिवस सरांनी वही आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, "सर, मला न्हाय जमायचं, मी चुकेन." सर म्हणाले, "तुला आकडे वाचता येतात ना? मग झालं तर."

त्यांनी समजावलं ते मला अजून तसंच आठवतं. किरण डोळ्याला दिसत न्हाय, मग तो किती पडतोय ते कसं कळणार? तर किरणाच्या वाटेत एक एवढीशी वाटी आणायची. सगळा किरण त्या वाटीत पडतो, किती पडला ते आकडा सांगतो. त्याला बीम करंट म्हणतात. दर अर्ध्या तासानं खटका दाबायचा, वाटी आत, आकडा बघायचा, वहीत लिहायचा, वाटी बाहेर. "पॉइंटच्या पुढचं पण लिहायचं बरं का. आणि कमी-जास्त झालं की लगेच मला हाक मार. तू सांगशील तो आकडा मी कॉम्प्युटरमध्ये टाकणार. तो चुकला तर खालचं सगळं चुकलं."

पेन हातात आल्यावर मला असं वाटलं होतं ना, काय सांगू. घरी जाऊन सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "झाडूचा पगार वाढला का?" मी म्हटलं, "न्हाय." ती म्हणाली, "मंग?"

बाळंतपणाला गेले आणि पोरगी तीन महिन्यांची झाल्यावर परत आले. पोरगी वरचं दूध तोंडात घेईना. बाटली लावली की ओकायची. नवरा कशेळीला लोडिंगला, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मग सासू रोज साडेबाराला तिला घेऊन गेटवर यायची. वॉचमन चाचा भला माणूस, आपली केबिन मला द्यायचे आणि स्वतः खुर्ची बाहेर काढून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. सासू उन्हातून चालत आलेली, आल्या आल्या ओरडायची, "अगं ये लवकर, पोर रडून रडून काळी पडली! तुझ्या त्या मशीनला काय पान्हा फुटतोय का?"

मी सरांना सांगून जायला पाहिजे होतं. पण मला वाटायचं, नुकतीच परत आलेय, शेठ म्हणेल पोर असलेली बाई कामाची न्हाय. म्हणून मी बाथरूमला जाते सांगायचे आणि पळायचे. पोरगी लवकर सोडायची न्हाय. कधी अर्धा तास, कधी जास्त. साडेबाराचं रीडिंग चुकायचं, एकाचं पण चुकायचं.

पहिल्या दिवशी धापा टाकत परत आले तर वहीत दोन रकाने रिकामे. सर तुकड्यांकडं बघत होते. मला काय सुचेना. सकाळपासून वीसच होतं, मधे काय होणार हाय, असं म्हणून मी दोन्हीत वीस लिहिलं. मग दीडला खटका दाबला.

अठरा पॉइंट सात.

आता हे लिहिलं तर सर वही बघणार, एकाला वीस आणि दीडला अठरा, एवढं एकदम कसं उतरलं? मधलं एकोणीस कुठं गेलं? मग कळणार मी नव्हतेच तिथं. तेवढ्यात सरांनी पलीकडून विचारलं, "किती, बाय?"

मी म्हटलं, "वीस, सर."

तेवढंच झालं. दुसऱ्या दिवशी पण तसंच झालं, मग तिसऱ्या. सकाळी बीम खरंच वीस असायचा, दुपारी उतरायचा, अठरा पॉइंट चार, अठरा, नंतर नंतर बाराच्या आधीपासूनच उतरायला लागून दुपारी सतरा पॉइंट नऊ. आणि वहीत माझ्या अक्षरात वीस, वीस, वीस. एवढं नीट अक्षर मी शाळेत पण काढलं नसेल.

मग विटांची बेरीज बिघडायला लागली. सकाळी केलेल्या तुकड्यांची शंभर यायची, दुपारच्या तुकड्यांची चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. विटा पाठवणाऱ्या पार्टीनं रिपोर्ट परत पाठवले. सर दिवसभर शोधत बसायचे. आधी म्हणाले, कार्बनचा थर नीट बसला नसेल. मी परत थर दिला. मग म्हणाले, अर्थिंग ढिलं असेल, तर मशीनच्या मागं जाऊन, गुडघे दुखत असताना खाली बसून, एकेक वायर घट्ट केली. गॅसचा सिलिंडर बदलला. एसी बघितला. ज्याची बेरीज आधीपासून माहीत हाय असा एक तुकडा असतो, तो ठेवून बघितला, तर तो सकाळी शंभर आणि दुपारी त्र्याण्णव. सर डोक्याला हात लावून म्हणाले, "दुपारी काहीतरी होतंय. असं बीम उतरल्यावर होतं. पण बीम तर वीसवर आहे." आणि वही उघडून, डोळ्याजवळ धरून, माझे वीस बोटानं मोजत बसले.

मी बाजूला उभी.

शेठ आला. सरांना म्हणाला, "सर, पार्टी हात से जा रही है. आँख का ऑपरेशन करवा लो, न्हायतर घरी बसा, आराम करा. उमर झाली आता."

सर म्हणाले, "डोळे माझे गेले असतील, शेठ, पण आकडे ही मुलगी बघते. तिची वही चोख आहे. खराबी मशीनमध्ये आहे."

शेठ म्हणाला, "ठीक हाय. पुण्याहून इंजिनीअर बोलवतो. मशीनमध्ये काय निघालं तर चांगलंच. न्हाय निघालं तर तुम्ही समजून घ्या, मला बोलायला लावू नका."

तो गेल्यावर सरांनी चहाचा अर्धा कप मला दिला. आपला कप नुसता हातात धरून मला म्हणाले, "कुठं चुकतोय गं मी, बाय? सांग की. तू रोज समोर असतेस."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. माझ्या मनात आलं, सांगितलं तर आजच घरी पाठवतील, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात खोलीचं भाडं पण निघत न्हाय. मी म्हटलं, "मला काय कळतंय, सर." आणि त्यांच्या हातातला कप धुवायला घेतला, चहा संपला पण नव्हता.

इंजिनीअर आला तो तरुण पोरगा होता, पाठीला बॅग. त्यानं कुणाला काय विचारलं न्हाय. खुर्ची ओढली, आकड्यासमोर बसला आणि दर दहा मिनिटांनी स्वतःच खटका दाबायला लागला. शेठ मागं उभा. सर त्यांच्या जागेवर. मी वही घेऊन, वही छातीशी घट्ट धरून.

दहाला वीस. अकराला एकोणीस पॉइंट आठ. बाराला एकोणीस पॉइंट चार. तो मोठ्यानं बोलत होता. सरांनी मान वर केली. दरवेळी आकडा ऐकला की सर माझ्याकडं बघायचे, रागानं न्हाय, असं बघायचे जसं कुणी कोडं सुटत आल्यावर बघतं. मग त्यांनी बघायचं बंद केलं. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं.

साडेबारा झाले. बाहेरून चाचांची हाक आली, "भाभी! बच्ची आयी है!" आणि पाठोपाठ पोरीचं रडणं. मी हलले न्हाय. माझा ॲप्रन पुढून ओला झाला होता, वहीनं झाकला.

इंजिनीअर म्हणाला, "लॉगबुक द्या जरा, मॅडम."

सर उठले. माझ्या हातातून वही त्यांनी घेतली. मला म्हणाले, "जा. पोर रडतंय."

मी म्हटलं, "सर, आत्ता..."

"जा म्हणतो ना. रोज जातेस तशी जा. लेकराला उपाशी ठेवू नये."

रोज जातेस तशी. त्यांना माहीत होतं. मी बाथरूमला न्हाय जात, गेटवर जाते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, फक्त मी न बघता आकडा लिहीन असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. मी सांगून गेले असते तर त्यांनी स्वतः लिहिली असती ती दोन रीडिंगं, कुणाला तरी बोलावून आकडा वाचून घेतला असता.

केबिनमध्ये पोरीला घेतलं तर मी एवढी हुंदके देत होते की तिला तोंडात धरता येईना. सासू म्हणाली, "काय झालं? मारलं का कुणी?" मी म्हटलं, "न्हाय." "मंग गप, दूध आटंल."

परत आले तर सर डबा पिशवीत भरत होते. डबा, चष्म्याचं घर, तुकडे बघायचं त्यांचं स्वतःचं भिंग. शेठचं तोंड लाल. मला म्हणाला, "तू घाबरू नको, तुझी काय गलती न्हाय. सर ने सब बता दिया. आकडा उतरला तरी वीसच लिही म्हणून त्यांनीच तुला सांगितलं होतं. रिपोर्ट छान दिसावा म्हणून. इतक्या वर्षांचा माणूस, आणि चारसौबीसी."

मी सरांकडं बघितलं. ते पिशवीची गाठ मारत होते. माझं तोंड उघडलं होतं, मला आठवतंय ते उघडलं होतं, पण त्यातून काय बाहेर पडलं न्हाय. आणि ते माझ्या बाजूनं निघून गेले, उंबऱ्याशी चपला चाचपडत.

खराबी काय होती ते दुपारी निघालं. मशीनच्या नळीत एक चकती असते, तिला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून किरण खाली येतो. भोकाला घाण धरली की किरण हळूहळू सरकतो आणि आकडा उतरतो. इंजिनीअरनं विचारलं, नवी चकती हाय का? ती सरांच्याच ड्रॉवरमध्ये होती, कापूस लावलेल्या डबीत, वर सरांच्या हातानं तारीख टाकलेली. मीच काढून दिली. अर्ध्या दिवसाचं काम. मी पहिल्या दिवशी अठरा पॉइंट सात म्हटलं असतं तर सरांनी त्याच संध्याकाळी बदलली असती.

मला कामावर ठेवलं. आता नवे सर हायत, त्यांना सगळं दिसतं, ते मला काय विचारत न्हायत. तरी मी पॉइंटच्या पुढचं सगळं लिहिते. पोरगी आता भात खाते, गेटवर कुणी येत न्हाय.

एका रविवारी मी पोरीला घेऊन सरांच्या घरी गेले, कोन गावात. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. सर पडवीत बसलेले, डोळ्याला हिरवी पट्टी, ऑपरेशन झालेलं. त्यांची बायको बाहेर आली, पाणी दिलं, पोरीच्या गालाला हात लावला. मग माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याकडून पण खोटं लिहून घेतलं म्हणे यांनी. ह्या वयात काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मला बाहेर तोंड दाखवायला लाज वाटते गं."

त्यांनी बायकोला पण तेच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काकू, ते..."

"किती होतं काल, बाय?" सर मधेच बोलले. एकदम, मोठ्यानं. मान माझ्या आवाजाच्या बाजूला वळवलेली. "दुपारचं. दीडचं."

मी म्हटलं, "एकोणीस पॉइंट आठ, सर."

मग त्यांनी विचारलं, "खरं?"

एवढ्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं त्यांनी.

मी म्हटलं, "खरं, सर." आणि माझा आवाज मला ऐकू आला. तेव्हा वीस म्हणायचे ना, अगदी तसाच.