तीनचा भोंगा अन् हँडल लॉक

गेटावरच्या माणसाला किस्से शोधावे लागत न्हाईत, ते हॉर्न वाजवत अंगावर येतात. मी जालना एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीच्या गेटावर हाय. दुचाक्यांचं शेडबी माझ्याच गळ्यात. तीनला शिफ्ट बदलती. अडीचपासूनच माझा पाय एका जागी ठरत न्हाई.

शेडचा नियम एकच: हँडल लॉक करायचं न्हाई. गाड्या इतक्या खेटून लागतात की मधली काढायला आधी चार सरकवाव्या लागतात.

*

एकदा पॅकिंगमधला गजानन त्याच्याच शिफ्टच्या शकीलची गाडी घेऊन गेला. दोन्ही काळ्या, चाव्या झिजलेल्या, कोणचीबी कुठंबी लागती. चार दिवस दोघं एकमेकाच्या गाडीवर फिरले. पाचव्या दिवशी शकील म्हणला, "तरी म्हणलं, सीटचं फाटलेलं कव्हर कोणी शिवलं?"

*

आमचे जुने कामगार इस्माईलचाचा अजून सायकलवर येतात. जागेवरून रोज कटकट, म्हणून त्यांनी भिंतीत हूक ठोकला अन् सायकल वर टांगली. मी काही बोलायच्या आत म्हणले, "जमीन तुमची, हवा माझी. बराबर?"

*

मंग नवे साहेब आले. अकरा वाजता शेड पाहिलं. "अर्धं रिकामंच आहे," म्हणले, अन् अर्ध्यात मोटारींसाठी पट्टे मारून घेतले.

मी म्हणलं, "साहेब, तीनला पाहा. जाणारे गेलेले नसतात अन् येणारे आलेले असतात. गाड्या दुप्पट होतात."

"मॅनेज कर."

मॅनेज काय करतो, कप्पाळ! रोज शिफ्ट लेट व्हायला लागली. शेवटी साहेबांनी सांगितलं, "उद्या लेट झाली तर परवा कामावर येऊ नकोस." लेक बारावीला हाय माझी. रातभर डोळ्याला डोळा न्हाई.

*

दुसऱ्या दिवशी जेवण उरकलं अन् लगेच गाड्या सरकवायला लागलो. पावणेतीनला सरकवता सरकवता एका अनोळखी पांढऱ्या स्कूटरपाशी आलो. बरोबर वाटेच्या मधात, अन् हँडल लॉक! ढकलली, ओढली, चाचाबी हात लावायला आले, हलंना. तेवढ्यात भोंगा झाला. आतले बाहेर येईनात, बाहेरचे आत जाईनात.

मी जेवायला गेल्तो तवा बदलीवाल्यानं तिची नोंद केल्ती. वहीत नंबर पाहिला, पुढचं नाव वाचलं अन् पळतच कॅबिनमधी गेलो.

"साहेब, एका गाडीचं हँडल लॉक हाय. सगळी वाट अडलीय."

साहेबांनी कागदातून मान वर केली न्हाई. "ज्याची असेल त्याला उद्यापासून गेटच्या आत घ्यायचं नाही. कोणी का असेना."

मी वही त्यांच्यापुढं ठेवली.

"मंग साहेब, उद्या तुमची खुर्ची गेटाबाहेर टाकू का?"