सोनलनं मीठ सोडलं तेव्हा

सोनल बोरगावात वडिलांच्या दुकानात बसते. दुकान पंप, पाईप आणि नट-बोल्टचं. वडील, भुजबली आप्पा, गल्ल्यावर असतात. गिऱ्हाईक मात्र सोनलकडे जातं. ती मराठीत भाव सांगते, कन्नडमध्ये घासाघीस करते आणि दोन्हींत दमत नाही. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तीन वर्षांत मी चार वाक्यं बोलले असेन. बाकीची तिची.

या मुलीनं जीभ टोचून घ्यायचं ठरवलं.

मी कारण विचारलं.

"दुकानात समदं काढून दाखवायला लागतंय," ती म्हणाली. "एक तरी वस्तू न दाखवायची असू दे की."

दिवसही तिनंच शोधला. जीभ टोचली की सुजते. तिखट चालत नाही, गरम चालत नाही. मऊ, फिकं खायचं, पाणी उकळून गार केलेलं, बोलणं कमी. भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस त्यांच्या जैन घरात हेच चालतं. सोनल नेम घेणार होती: दिवसातून एकदाच जेवण, त्यात मीठ, तेल, साखर नाही, आणि पहिले पाच दिवस मौन. मग तोंडात कोण बघणार? मला योजना बिनचूक वाटली. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आहे. अशा कामात त्याचा उपयोग होत नाही.

कांताकाकींना, म्हणजे तिच्या आईला, यातलं नेमाएवढंच कळलं. ही मुलगी दर वर्षी प्रवचनातून अर्ध्यात उठून येई. तिनं आपणहून मीठ सोडलं म्हटल्यावर काकींनी आधी गल्लीला सांगितलं, मग बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, पूजेला येणाऱ्या सगळ्यांना.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सोनल फिटिंगचा माल आणायला म्हणून बेळगावला आली. मी आमच्या कंग्राळीहून गणपतीची पत्री आणायला म्हणून निघाले. तिनं आधी पोटभर दहीभात खाल्ला, वर कुंदा. मग हॉटेलच्या बेसिनपाशी उभी राहून दात घासले. वेटर बघत राहिला.

टोचणारी सौम्या नावाची मुलगी होती. सोनलनं तिची तपासणी घेतली. सुई नवी आहे का, पाकीट आपल्यासमोर फोडणार का, जिभेत घालायची दांडी कसली. टायटॅनियमची, सौम्या म्हणाली. सोनलनं पाकिटातूनच टोकाची गोळी निरखली आणि आटे नीट बसतात का विचारलं. दांडी लांब का, हे तिला विचारावं लागलं नाही. "सूज येणार, म्हणून जागा ठेवलीय," तिनंच मला समजावलं. "दोन आठवड्यांनी बारकी बसवायची."

सौम्यानं जिभेखाली टॉर्च मारून शिरा बघितल्या, शाईचा ठिपका दिला, चिमट्यात जीभ धरली. सुई सोनलच्या जिभेत गेली आणि खुर्ची मला द्यावी लागली. पाणीही मलाच दिलं.

निघताना सौम्यानं सूचनांचा कागद दिला. हात धुतल्याशिवाय दांडीला लावायचे नाहीत. गोळी घट्ट आहे का रोज बघायची, पण दातांनी खेळायचं नाही. झोपताना डोकं उंच. बर्फाचा तुकडा चघळायचा. आणि खाल्ल्यावर मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची.

सोनल दारातच थांबली. बर्फ त्यांच्यात चालत नाही, तो तिनं तिथंच सोडला. मिठाशी अडली. पंचमीला नेम सुरू झाला आणि तिचा मेसेज आला: "चूळ भरली तर मीठ खाल्लं असं धरायचं का?"

मी विचार केला. थुंकलं तर खाल्लं नाही, असा निकाल मी दिला. सोनलनं तो मानला. आजवर तिनं माझं एवढं एकच ऐकलं आहे.

मौनातही ती दुकानात बसत होती. बिलबुकाच्या पाठीवर भाव लिहून गिऱ्हाइकापुढे सरकवायची. एक म्हातारा तो कागद घेऊन आप्पांकडे गेला आणि म्हणाला, हिला बोलती करा, कागदासंगट काय भांडायचं?

चौथ्या दिवशी सोनलनं सुजलेल्या जिभेचा फोटो पाठवला. मी घाबरून बोरगावची बस धरली.

तिच्या खोलीत पोचले तेव्हा कांताकाकी पलंगापाशी उभ्या होत्या. चादर बदलायला आल्या होत्या. हातात स्टीलचा छोटा डबा होता. सोनलच्या दोन उशांखाली सापडलेला. झाकण उघडं होतं.

"मीठ खातीस?" काकींनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "बस्तीत तोंड कसं दावू मी?"

सोनलनं बिलबुक ओढलं. काकींनी ते बाजूला सारलं.

सोनलनं माझ्याकडे बघितलं. मला तिची अडचण कळली. मान डोलावून हो म्हटलं असतं तर मीठ चोरून खाल्लं असं ठरलं असतं. आईची मान खाली गेली असती, पण जीभ वाचली असती. खरं कळवायचं तर जीभच दाखवावी लागणार होती, आणि मग दांडी राहील याची खात्री नव्हती. मी जमिनीकडे बघितलं.

सोनलनं मौन मोडलं नाही. तिनं आ केला.

काकींनी तिला खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "मीठ गिळलं न्हाय न्हवं हिनं?"

नाही, चूळ भरून थुंकते, मी म्हटलं. काकी पलंगावर बसल्या. जिभेला भोक पडलंय, हे त्यांच्या मग लक्षात आलं. पुढचा अर्धा तास त्या बोलल्या आणि सोनलला उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे थांबायला जागाच नव्हती. शेवटी हुकूम झाला. सुजलेल्यात काढायची नाही, सूज उतरली की काढायची. काढायला त्या स्वतः येणार.

संध्याकाळी काकी बस्तीतल्या उपाध्यांकडे, पूजा सांगणाऱ्यांकडे, जाऊन आल्या. शेजारच्या एकीची दाढ दुखते, असं सांगितलं. औषध म्हणून मिठाची चूळ भरली तर चालतं का? उपाध्ये म्हणाले, "रस कळतो जिभेला. पोटाला काय कळतंय?" नेम मोडला, असा अर्थ. माझा निकाल फिरला.

मीठ बंद झालं. मी सौम्याला फोन केला. ती म्हणाली, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं तरी प्रत्येक वेळी चूळ भरा, आणि दुखणं वाढलं किंवा पू दिसला तर सरळ डॉक्टर गाठा. काकींनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पाठ केला. त्या दिवसापासून पाणी त्या उकळायच्या, फडक्यानं झाकून गार करायच्या, आणि सोनलच्या हाताला साबणाचा वास येतोय का बघून मगच तांब्या द्यायच्या. काढायचीच आहे तर एवढं कशाला, असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी बस्तीत नेम करणाऱ्यांचा सत्कार होता, मीही गेले. काकींनी सोनलसाठी साडी इस्त्री करून ठेवली होती. गप्प राहायचं, हार घ्यायचा, घरी यायचं, एवढंच सांगितलं होतं. सूज उतरली होती.

नाव पुकारलं. सोनल जागेवरच उभी राहिली.

"माझा नेम मोडलाय," ती म्हणाली. "जिभेला मीठ लागलं चार दिवस. औषधाला लावलेलं, पण लागलं."

औषधाला काय होतंय, असं दोघी-तिघी बायका म्हणाल्या. सोनल खाली बसली. हार पुढच्या मुलीला गेला. काकी समोर बघत होत्या.

मीठ लागलं ते चार दिवस सोनलनं पुढं भरून काढले. कुणी सांगितलं नव्हतं. घरात आमटीला फोडणी पडली, सगळे जेवले, ही फिका भात खात बसली. तिसऱ्या दिवशी काकींनी आपल्याही ताटात तोच भात वाढून घेतला. हे मला सोनलनं फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि फोन ठेवला. तिच्या बाबतीत हे नवीनच.

दोन आठवडे झाल्यावर आम्ही तिघी सौम्याकडे गेलो. काकी पुढे. सौम्यानं जीभ बघितली, छान भरलीय म्हणाली, आणि विचारलं, काढायची की बारकी बसवायची?

सोनल आईकडे बघत राहिली.

काकींनी बारक्या दांडीचं पाकीट उजेडात धरलं. कुठं फाटलंय का बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. "कान टोचताना चौघांनी धरलेलं हिला," त्या म्हणाल्या. "सोनार चावून घेऊन गेलता. आता आपली आपण खुर्चीवर बसलीय."

पाकीट त्यांनी सौम्याच्या हातात दिलं.

"बारकी घाला. पण हात धुवा आधी."

दहा मिनिटांत काम झालं. स्टँडकडे चालताना सोनलनं तोंड उघडलं. नव्या दांडीचं वजन, जुनीची लांबी, सौम्यानं गोळी किती फिरवली, आपण असतो तर किती फिरवली असती. बोरगावला जायची निपाणीची बस लागली तरी ती आटे कसे पाडतात यावरच होती. काकींनी आधी तिला खिडकीपाशी बसवलं, मग पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"घोट घोट पी," त्या म्हणाल्या. "निपाणीपतोर पुरव."