बाबांच्या फोनला माझा हुकूम

बाबांचा फोन मी पुसायला घेतला आणि शहाबादी फरशीवर पाडला. फरशीला काही झालं नाही.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा फोन येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करायचा. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की आई खुर्चीत बसून त्यातला एखादा कॉल ऐकायची. आता त्या फोनचा पडदा ठार काळा पडला होता. आत घंटी वाजत होती, बोट लावलं की टकटक होत होती, फक्त दिसत काही नव्हतं.

कोटीच्या बाजारातल्या मोबाइल दुकानदाराने फोन उलटा-सुलटा केला. म्हणाला, "साब, इसका डिस्प्ले नक्को पूछो. कंपनीच बंद हो गई." (त्याच्या सुरात एवढं दुःख होतं की मीच त्याचं सांत्वन करून आलो.)

तो रविवार होता. बायको, वसुधा, हिमायतनगरला भिशीला गेलेली. ती परतायच्या आत सगळं निस्तरावं म्हणून मी पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मुग्धा तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"बाबा, इझी आहे," ती म्हणाली. "तुमचा फोन केबलने आजोबांच्या फोनला जोडा. मी सांगते ते ॲप तुमच्यात टाका. त्यातून तुम्ही टाइप कराल ते आजोबांचा फोन ऐकेल."

"बाबांचा फोन माझं ऐकेल?" मी विचारलं. बाबांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"ऐकेल. त्यातल्या ॲड्स काढायला मी मागे डिबगिंग, म्हणजे बाहेरून हुकूम घ्यायची सोय, ऑन केलं होतं. फक्त पहिल्यांदा तो परवानगी मागेल. पडद्यावर खाली उजवीकडे ओके दाबा."

"पडदा काळा आहे गं."

"अंदाजाने दाबा."

बाबांच्या बोटांचे ठसे झिजले होते, त्यामुळे तो फोन आईच्या बोटाने उघडायचा. आईने बोट टेकवलं. मी अंदाजाने दाबलं. काही नाही. जरा वर दाबलं. जरा डावीकडे. मग सगळीकडेच दाबलं. फोनमधून रिंग जाऊ लागली.

"हॅलो," नांदेडचे काका. मग अगदी बारीक आवाजात, "दादा?"

"काका, मी सुधीर."

"मग दादाच्या नंबरवरून कशाला करतोस रे गाढवा? मी पायातल्या चपला काढून उभा राहिलो ना इथं."

ते फोन ठेवून बसले असतील, रडले असतील, मला माहीत नाही. आई म्हणाली, "त्याला बिचाऱ्याला उद्या नीट फोन कर."

केबल काढून पुन्हा लावली, पुन्हा अंदाजाने दाबलं आणि या खेपेला परवानगी मिळाली. माझ्या पडद्यावर बाबांच्या फोनचं नाव आलं. मुग्धा म्हणाली, "झालं. आता रेकॉर्डिंगच्या फाइली मागायची कमांड पाठवलीय, ती टाका आणि थांबा. मला एक कॉल आहे."

मी कमांड टाकली आणि थांबलो. पडदा नुसता लुकलुकत राहिला. आता, आमच्या घराण्यात कुठलीही वस्तू अडली की ती बंद करून चालू करायची पद्धत आहे. टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांवर हाच एक उपचार. मुग्धाच्या मेसेजमध्ये खाली फोन रीस्टार्ट करायची कमांड होती. (वर 'ही टाकू नका' असं लिहिलं होतं. ते मी नंतर वाचलं.)

फोन बंद झाला, चालू झाला. मी पुन्हा फाइली मागितल्या. उत्तर आलं, असं काही इथे नाही.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"शोधतोय," मी म्हणालो. बाबा एकदा गेले ते आजारपणाने. दुसऱ्यांदा मी घालवले.

मुग्धाला परत गाठलं. "गेलं नाहीये काही," ती म्हणाली, "पण लॉक झालंय. रीस्टार्टनंतर आजीचं बोट चालत नाही. चार आकडी नंबर लागतो. तुमच्या फोनवरून टाइप करून पाठवता येईल. काय आहे नंबर?"

मी एकुलता एक मुलगा, म्हणून आधी माझा वाढदिवस पाठवला. फोन नुसता थरथरला. म्हणजे चूक. मुग्धाचा वाढदिवस. थरथर. मी आईला लग्नाची तारीख विचारली.

"ती नसणार," आई म्हणाली. "ती त्यांना मी आठवण करून द्यायची."

तरी पाठवली. थरथर.

"बाबा, बस," मुग्धा म्हणाली. "फार चुकलं तर काही फोन सगळं पुसून टाकतात."

मी बोटं आवरली. आईने दिवा लावला आणि सवयीने खुर्चीत येऊन बसली. मुका फोन मांडीवर, केबलचं दुसरं टोक माझ्या हातात. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात वसुधा आली. मी फरशीपासून काकांपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिने पर्स खाली ठेवली, माझा फोन घेतला, "कुठे लिहायचं?" म्हणाली आणि चार आकडे पाठवले. फोन थरथरला नाही.

मग फाइली भराभर माझ्या फोनवर उतरल्या. वसुधाने एक लावली. अफझलगंजच्या बाजाराचा गलका, रिक्षांचे हॉर्न आणि मध्येच बाबा, "अगं, ऐकतेस का? शेंगदाणे भाजके आणू की कच्चे?"

"कच्चे," आई खुर्चीतून म्हणाली.

"कच्चे," फोनमधलीही आई म्हणाली.

"मी भाजके घेतले," बाबा म्हणाले.

आई हसली आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघरात गेलो. वसुधा कणीक मळत होती.

"तुला नंबर माहीत होता?"

"फोन आणला तेव्हा मीच तर नंबर घालून दिला होता त्यांना."

"मग मला कधी बोलली नाहीस ते?"

"बाबांनी बजावलं होतं," ती म्हणाली. "सुधीरला नंबर कळू देऊ नकोस, तो माझा फोन दुरुस्त करायला बसेल."