कोरडं लिनन आणि विमलमावशी

सातवा नॅपकिन इस्त्रीखालून काढला, तोही तसाच चुरगळलेला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी वाशीमच्या एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर आहे, म्हणजे समारंभाच्या हॉलची मांडणी माझ्याकडे. त्या दिवशी एका जैन व्यापारी घरातला साखरपुडा होता. जेवण सूर्यास्ताआधी आटोपायचं, म्हणून चारला टेबलं तयार हवी होती. मुलीच्या आईने स्वतः निवडून लिननचे एकशेवीस नॅपकिन आणले होते. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड. लॉन्ड्रीने ते मशिनमध्ये खडखडीत वाळवून पाठवले.

मी इस्त्री आणखी तापवली, वरून स्टार्चचा स्प्रे मारला. पांढरे पापुद्रे उठले. एका नॅपकिनवर तपकिरी डाग पडला.

हॉटेलचे मालक म्हणाले, "कागदी लावून टाका ना. कायले जीव काढून राह्यले?"

"त्यांनी हौसेने आणलेत, सर."

विमलमावशी दारात उभ्या होत्या. जवळच्या रिठद गावच्या. आमच्या किचनमध्ये भाजी चिरतात. त्यांनी डागाचा नॅपकिन उचलून बोटांनी चोळून पाहिला.

"भाऊ, कोरडं कापड भाजून काय होते? याले पाणी पाजा. मंग गुंडाळून एक घंटा ठिवा."

"एक घंटा? मावशी, वेळ कुठंय?"

"तुमचा सकाळपासून किती गेला?"

मी इस्त्री बंद केली. त्यांनी हातानेच पाणी शिंपडलं, दहा-दहाच्या घट्ट गुंडाळ्या केल्या आणि ओल्या चादरीत झाकल्या. तो तास मी नुसता घड्याळ पाहत काढला. मालक दोनदा डोकावून गेले.

तासाने कापड सगळीकडे सारखं ओलसर झालं होतं. मावशींनी एक टोक माझ्या हातात दिलं. "वढा." आम्ही ताणून कोपरे सरळ केले. मग त्यांनी उलट्या बाजूने इस्त्री फिरवली. एकदाच. सुरकुती गेली, कापडाला मंद चमक आली.

"कुठं शिकलात?"

"सासरे गावात धोतराले इस्त्री करत. कोळशाची. मी पाणी माराले बसत जाओ."

तीन इस्त्र्या लावल्या. दोनला शेवटचा नॅपकिन झाला. मी घडीवरही इस्त्री दाबू लागलो तर त्यांनी हात धरला. "तिथंच फाटते मंग. घडी हातानं घाला." मी पंख्याची घडी ठरवली होती. ती सोडून साधा खिसा केला: चौकोनी घडी, वरचं टोक आत, त्यात मेन्यूचं कार्ड. पावणेचारला हॉल मांडून तयार झाला.

मुलीच्या आईने एक नॅपकिन उलगडून गालाला लावला. "कुणी केलं हे?"

खोटं कशाला बोलू, माझं नाव सांगायचा मोह झाला. पण मी किचनमधून मावशींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मावशींनाच अवघडल्यासारखं झालं.

तेव्हापासून लॉन्ड्रीला आमची सूचना असते: लिनन ओलसरच पाठवा. हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये मला घडीचे बारा प्रकार शिकवले होते. कापडाला तासभर पडू द्यायचं, हे मला भाजी चिरणाऱ्या बाईंनी शिकवलं.