बाळांचं शेत

फेस्टस गिल्वरीच्या हाती टपालाची सायकल आली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. किलनाबार गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊन रोजचे बावीस मैल. पत्र द्यायला गेला की म्हातारी माणसं त्याला चहाला बसवायची, पावाच्या जाड तुकड्याला लोणी फासून पुढ्यात ठेवायची आणि बोलता बोलता सांगायची, खालच्या कुरणाला आमची आजी अमुक म्हणायची. फेस्टस ते वहीत उतरवून घ्यायचा. आयरिश बोलणारी ती शेवटची पिढी एकेक करून चालली होती आणि तिच्याबरोबर शेतांची नावंही.

"काय रे, पत्रं वाटतोस की जमिनीची मोजणी करतोस?" पबमध्ये लोक त्याला छेडायचे.

"पत्रं उद्याही येतील," तो म्हणायचा. "मायकल तात्या उद्या असेल का, ते सांगा."

पुढे घरोघरी नवं सामान आलं आणि जुनं ओढ्याकाठी फेकलं जाऊ लागलं. लोणी घुसळायची पिंपं, माग, जळणासाठी दलदलीतलं पीट कापायची अरुंद फावडी. फेस्टस एकेक उचलून घरी आणायचा. एक दिवस त्याची बायको डेला दारात आडवी उभी राहिली.

"हे बघ, या घरात एक तर तो माग राहील नाहीतर मी."

रेल्वे बंद पडून स्टेशनातली मालाची शेड ओस पडली होती. फेस्टसने ती मागून घेतली, चार शेजाऱ्यांना घेऊन छपरावर चढला आणि चौऱ्याहत्तर साली तिथे संग्रहालय उघडलं. दर वस्तूखाली ती कुणाच्या घरची, कुणी वापरली, हे त्याच्या टपोऱ्या अक्षरात. डब्लिनहून आलेल्या एका विद्वानाने फेरी मारली आणि जाताना म्हटलं, "छंद म्हणून छान आहे." चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या फेस्टसला ते फार लागलं. त्या आठवड्यात तो शेडकडे फिरकला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र कुलूप काढलं आणि वही उघडली. नावं अकराशे चाळीसवर गेली.

अठ्ठ्याऐंशी साली नवा रस्ता यायचा ठरला. शाळेच्या हॉलमध्ये इंजिनियर कॉर्लेसने नकाशा टांगला. फेस्टसचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं.

"साहेब, हे गोर्त ना लानव. बाळांचं शेत. इथून रस्ता नेता येणार नाही."

"नकाशावर तर नुसतं चरायचं रान आहे."

"नकाशा करणाऱ्याने कुणाला विचारलं नसेल. मी एक्कावन्न साली विचारलं होतं."

"मिस्टर गिल्वरी, नाव म्हणजे पुरावा नव्हे. कुणाला काही माहीत असेल तर सांगू दे."

माहीत तर हॉलमधल्या सगळ्यांना होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. बाप कुणाला न सांगता त्याला तिथे नेऊन पुरत असे, आणि घरात पुन्हा तो विषय निघत नसे. फेस्टसच्या वहीतही त्या नावापुढे एवढंच होतं: 'सांगणारा रडला. पुढे विचारलं नाही.' सांगणाऱ्याचं नाव घ्यावं का? त्याने वही मिटली. कुणाचं दुःख चव्हाट्यावर मांडायचा हक्क त्याला नव्हता.

मागच्या बाकावरून काठी वाजली. विनी लॉफ्टस उभी राहत होती, एक्क्याऐंशी वर्षांची.

"माझी मुलगी आहे तिथे," ती म्हणाली. "एकतीस सालच्या मार्चमधली. माझ्या नवऱ्याने, पॅडीने, चहाच्या खोक्यातून नेली. पांढरा दगड ठेवला म्हणाला, काटेरी झुडपापाशी. मला येऊ दिलं नाही."

शेजारी बसलेला तिचा मुलगा, पन्नाशीचा बाप्या, तिच्याकडे वळला. "आई, कधी बोलली नाहीस?"

"विचारलं कुणी मला?"

मग दुसरी एक बाई उठली. मग शेताचा मालक टॉम रुआन टोपी काढून म्हणाला, "माझा बाप तिथे नांगर घालत नसे. आमचीही दोन आहेत." सात जण उठले. कॉर्लेसने नकाशा उतरवला.

पुढल्या आठवड्यात कॉर्लेस विनीच्या मुलाबरोबर शेतात गेला. गवत बाजूला केलं तसे पांढरे दगड दिसत गेले. एकेचाळीस. रस्ता साठ यार्ड वळवला. गावाने भोवती दगडी बांध घातला, फादर येऊन जमिनीला आशीर्वाद देऊन गेले, आणि विनी सत्तावन्न वर्षांनी लेकीजवळ खुर्ची टाकून बसली.

फेस्टसने संग्रहालयात त्या शेताची नोंदवही केली. विनीला विचारलं, "मुलीचं नाव काय लिहू?"

"न्यूला," ती लगेच म्हणाली. "मी मनात ठेवलं होतं. लिही मोठ्या अक्षरात."

चार वर्षांनी सरकारच्या नकाशा खात्याची माणसं शेडमध्ये आली आणि तीन दिवस त्याच्या वह्या उतरवत बसली. नवा नकाशा छापून आला, त्यात फेस्टसची नावं होती. टपालखात्यातून निवृत्त झालेला फेस्टस तो नकाशा घेऊन, पत्रं नसतानाही, सायकलवरून त्याच बावीस मैलांवर निघाला. दर दारी थांबला. "हे बघा, तुमचं शेत," म्हणून बोट ठेवून दाखवत गेला. त्या दिवशी डेलाने जेवण तीनदा गरम केलं, आणि एकदाही कुरकुरली नाही.